रुग्णाच्या दारी गेलेले धन्वंतरी : डॉ. अकासियो व्हिएगस

आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांत औषधदानाला आपल्या परंपरेत मानाचे स्थान आहे. औषधासोबत अभयही रुग्णापर्यंत पोहोचविणाऱ्या एका मुंबईकर डॉक्टरांचे पुण्यस्मरण या निमित्ताने करणे उचित ठरेल.

डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यातील हडफडे गावी झाला. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्यांनी मांडवी भागात वैद्यकीय व्यवसाय आरंभिला. धान्याच्या वखारी आणि कोंदट घरांच्या त्या वस्तीत रुग्ण पाहत असताना, सप्टेंबर १८९६ मध्ये तीव्र ज्वर व गाठ ही लक्षणे ओळखून त्यांनी प्लेगचे निदान केले. अन्य तज्ज्ञांच्या तपासणीनंतर ते अचूक ठरले. वस्तीशी नित्य संबंध असलेल्या डॉक्टरांमुळेच शहरावरील संकट प्रथम उघडकीस आले, ही गोष्ट विसरता येणार नाही.

पुढे शासनाने घरांच्या झडत्या व रुग्णांची सक्तीने रवानगी असा मार्ग पत्करला. लोक आजार लपवू लागले. आपल्या करी रोडपासून जवळच असलेल्या आर्थर रोड इस्पितळावर ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगार चालून गेले. मार्च १८९८ मध्ये शहरात दंगल उसळली. दारी येणारा माणूस ओळखीचा व विश्वासाचा नसेल, तर उपचारही शिक्षेसारखा भासतो, हेच यातून दिसून आले.

डॉ. व्हिएगस यांनी मात्र जिवाची पर्वा न करता गोरगरिबांची सेवा केली. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःस टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळला आली. आजची हाफकिन संस्था ती हीच. डॉ. व्हिएगस यांनी सुमारे १८,००० लोकांना स्वहस्ते लस टोचल्याचे सांगितले जाते. १९०६ मध्ये ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. धोबी तलाव येथे मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे.

आज आपल्या परिसरात चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या, मोठी रुग्णालये हाकेच्या अंतरावर आली. तरीही अंथरुणाला खिळलेल्या वृद्धास जिना उतरणे अशक्यच असते. अशा घरी वेळेवर जाऊन नाडी पाहणारा डॉक्टर आजार वाढण्यापूर्वीच ओळखतो आणि कुटुंबाला धीर देतो. डॉ. व्हिएगस यांच्या जीवनातून घ्यावयाचा बोध हाच आहे.