विश्लेषण : ‘क्ष’ नव्हता तेव्हा बीजगणित कसे लिहायचे? भास्कराचार्यांचे आयुष्य आणि त्यांचे गणित

२ + ३ × ४ याचे उत्तर २० की १४? सोशल मीडियावर असे कोडे आले की कमेंटमध्ये दोन तट पडतात. बरोबर उत्तर १४ आहे. पण हा नियम का लागतो आणि अक्षरे घेऊन गणित करायची कल्पना आपल्याकडे किती जुनी आहे, हे समजून घ्यायचे तर बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांकडे जावे लागते.

कोण होते भास्कराचार्य?

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. हे वर्ष त्यांनी स्वतःच ग्रंथात नोंदवले आहे. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविड हे आपले गाव असल्याचेही ते सांगतात. हे गाव नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पहिल्या भागात अंकगणित आहे, दुसऱ्यात अक्षरांचे गणित आणि उरलेल्या दोन भागांत खगोलशास्त्र. ‘करणकुतूहल’ हा त्यांचा ग्रंथ ११८३ हे वर्ष आधार धरून रचलेला आहे, म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावरही त्यांचे काम सुरूच होते.

अज्ञात संख्या कशी लिहीत?

आपण शाळेत ‘क्ष’ किंवा ‘य’ धरतो. भास्कराचार्य अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हणत. अर्थ साधा आहे : जेवढे असेल तेवढे. लिहिताना फक्त ‘या’. दुसरी, तिसरी अज्ञात संख्या आली तर रंगांची नावे : कालक, नीलक, पीतक, लोहितक. म्हणजे का, नी, पी, लो. नुसत्या संख्येला ‘रूप’ म्हणत आणि ‘रू’ लिहीत. संख्या ऋण असेल तर तिच्या डोक्यावर टिंब देत.

आजची ५क्ष − ३ ही बैजिक राशी त्यांच्या पद्धतीत ‘या ५ रू ३’ अशी होते, त्यातल्या ३ वर टिंब. समीकरण असेल तर दोन्ही बाजू एकाखाली एक मांडत. ५क्ष − ३ = २क्ष + ९ हे उदाहरण घेऊ. वरच्या ओळीत या ५ रू ३ (टिंबासह), खाली या २ रू ९. एका बाजूला ‘या’ आणि दुसऱ्या बाजूला ‘रू’ गोळा केले की ३क्ष = १२, म्हणून क्ष = ४. ‘या’ मध्ये ‘रू’ मिळवून एकच संख्या होत नाही, हे मांडणीतूनच दिसते. ५क्ष − ३ म्हणजे २क्ष, ही नवख्या विद्यार्थ्यांची नेहमीची चूक इथे सहज टळते.

ही पद्धत एकट्या भास्कराचार्यांची नव्हे. अज्ञातासाठी रंगांचा वापर सातव्या शतकातल्या ब्रह्मगुप्तांकडेही आढळतो. ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांच्या बीजगणितांचे ऋण भास्कराचार्यांनी ग्रंथाच्या शेवटी मान्य केले आहे.

मग क्रियांचा क्रम कसा ठरायचा?

लीलावतीतील उदाहरणे श्लोकांत आहेत. आधी काय करायचे, मग काय, हे वाक्यच सांगते. त्यामुळे कंसाची गरज नव्हती. उत्तरावरून मूळ संख्या शोधायची तर ‘विलोमविधी’ : शेवटच्या क्रियेपासून उलटे यायचे आणि प्रत्येक क्रिया उलट करायची. गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी, वर्गाच्या जागी वर्गमूळ.

करून पाहा. एका संख्येला ३ ने गुणले, ६ मिळवले, २ ने भागले, ५ वजा केले. उत्तर ७ आले. आता उलटे चला : ७ + ५ = १२, १२ × २ = २४, २४ − ६ = १८, १८ ÷ ३ = ६. मूळ संख्या ६.

हेच आज एका ओळीत लिहिले तर (३ × ६ + ६) ÷ २ − ५ = ७. कंस काढून टाकला तर मात्र उत्तर १६ येते, कारण मग फक्त दुसऱ्या ६ लाच २ ने भागले जाते. वाक्य गेले आणि चिन्हे आली, म्हणून सर्वांनी पाळायचा एक करार लागला. मराठी शाळांतला ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) हा तोच करार. हे सूत्र आधुनिक आहे, भास्कराचार्यांचे नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा : भागाकार-गुणाकार समान दर्जाचे, बेरीज-वजाबाकीही समान दर्जाचे. ती डावीकडून उजवीकडे करायची. म्हणून १० − ४ + ३ = ९, ३ नव्हे.

लीलावती खरेच त्यांची मुलगी होती?

लग्नाचा मुहूर्त मोजणाऱ्या घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला आणि दुःखी मुलीसाठी वडिलांनी ग्रंथ लिहिला, ही कथा सर्वांना माहीत आहे. ती येते अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून, म्हणजे चार शतकांनंतर. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत तिला आधार नाही.

हे ज्ञान टिकले कसे?

याचे उत्तर जळगाव जिल्ह्यात आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९ व्या शतकात प्रकाशात आणला. त्यानुसार भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी होते आणि नातू चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवांनी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातील सोईदेवाने त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारातील विक्रीवर राजाला मिळणारा वाटा मठाला द्यावा आणि गावातील प्रत्येक तेलघाण्यामागे ठरावीक तेल द्यावे, असे त्यात नमूद आहे.

थोडक्यात, ‘या’ आणि ‘रू’ शिकवण्याचा खर्च राजाइतकाच पाटणच्या बाजारपेठेने आणि तेल्यांनीही उचलला होता. लीलावतीचे इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये मुंबईत छापले गेले, तेव्हा मूळ ग्रंथ साडेसहाशे वर्षांहून जुना झाला होता आणि तरीही शिकवला जात होता.