मेंदूतल्या धमन्या दाखवणारे मोनिझ

मोनिझ हे आडनाव गोव्यात आपल्या ओळखीचं. पण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांचं हे मूळ नाव नव्हतं. २९ नोव्हेंबर १८७४ रोजी पोर्तुगालमधल्या आवांका गावी जन्मलेल्या आंतोनियु काएतानु यांना, मध्ययुगातल्या एका वीराच्या आठवणीसाठी, एगास मोनिझ हे नाव जोडलं गेलं. कोइंब्राला डॉक्टरी शिकले. १९०३ साली संसदेत गेले, १९१८ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले, पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस परिषदेत पोर्तुगालच्या वतीने बसले. राजकारणातून बाहेर पडले तेव्हा पंचेचाळिशी आली होती. इतर लोक इथे निवृत्तीचा विचार करतात. यांचं खरं काम अजून सुरूच झालं नव्हतं.

लिस्बनला ते १९११ पासून मज्जासंस्थेचे प्राध्यापक होते. अडचण अशी, की एक्स-रेत कवटीचं हाड दिसतं, आतला मऊ मेंदू दिसत नाही. ट्यूमर नेमका कुठे आहे हे शोधायला तेव्हा मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरत. ते फार त्रासाचं आणि जोखमीचं होतं. मोनिझनी वेगळा विचार केला. मानेतून वर जाणारी आतली कॅरोटिड धमनी मेंदूच्या पुढच्या मोठ्या भागाला रक्त देते आणि आत गेल्यावर तिला फांद्या फुटतात. या फांद्यांत एक्स-रे अडवणारं द्रव्य सोडलं, तर झाडासारखा आकार उमटेल; आणि ट्यूमर असेल तिथे फांद्या बाजूला सरकलेल्या दिसतील. म्हणजे गाठ स्वतः दिसली नाही तरी तिने दिलेला धक्का दिसेल! मला यातली ही युक्तीच सगळ्यात जास्त आवडते.

करणं मात्र सोपं नव्हतं. द्रव्य दाट हवं, पण धमनीला इजा करणारं नको. रक्त काही सेकंदांतच मेंदूतून पुढे निघून जातं, म्हणून फोटोची वेळ अचूक साधायची. त्यात गाऊटमुळे मोनिझ यांची बोटं वाकलेली, सिरिंज हातात धरवत नसे. इंजेक्शन द्यायचे त्यांचे तरुण सहकारी आल्मेदा लिमा. आधी कुत्र्यांवर आणि प्रेतांच्या डोक्यांवर प्रयोग झाले, मग पेशंटवर. सुरुवातीला स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरलं. त्यात धमनीत गुठळी होऊन एका पेशंटचा मृत्यू झाला. मोनिझनी ब्रोमाइड सोडून सोडियम आयोडाइड घेतलं, आणि २८ जून १९२७ रोजी वीस वर्षांच्या एका मुलाच्या मेंदूतल्या धमन्या फिल्मवर उमटल्या. त्याला पिट्युटरी ग्रंथीचा ट्यूमर होता, आणि त्या जागेवरून सरकलेल्या दिसत होत्या. मोनिझ तेव्हा बावन्न वर्षांचे होते.

माझ्या मामांची अशीच तपासणी झाली तेव्हा कॅथेटर जांघेतून घातला होता, आणि डॉक्टरांनी पडद्यावर आम्हाला त्या काळ्या फांद्या दाखवल्या. मामी हळूच म्हणाल्या, हे तर पिंपळाच्या पानाच्या शिरांसारखं दिसतंय. आम्ही सगळे एवढे घाबरलेलो, तरी हसलो.

आता नको वाटणारी बाजू. १९३१ पासून मोनिझ थोरोट्रास्ट वापरू लागले. फोटो सुंदर यायचे, पण त्यातलं थोरियम किरणोत्सारी. ते यकृतात साठून राहायचं आणि पुढे कित्येक वर्षांनी लोकांना कॅन्सर व्हायचा. त्याहून मोठं म्हणजे १९३५ सालची ल्यूकोटॉमी. मानसिक रुग्णांच्या कवटीला छिद्रं पाडून मेंदूच्या पुढच्या भागातले धागे तोडायचे. शस्त्रक्रिया करणारे हात पुन्हा लिमांचेच. पुढे अमेरिकेत याचीच लोबोटॉमी झाली आणि हजारो माणसं कायमची बदलून गेली. १९३९ मध्ये एका पेशंटने मोनिझ यांच्यावर गोळ्या झाडल्या; ते वाचले.

अँजिओग्राफीसाठी त्यांचं नाव नोबेलला सुचवलं गेलं होतं, पण मिळालं नाही. मिळालं ते १९४९ साली, आणि तेही ल्यूकोटॉमीसाठी. त्या पेशंटांच्या नातेवाइकांनी पुढे हे बक्षीस परत घ्या अशी मागणी केली, ती मला मुळीच अवाजवी वाटत नाही. पण म्हणून १९२७ चं काम खोडता येत नाही.

१३ डिसेंबर १९५५ रोजी मोनिझ लिस्बनला वारले. कवटीच्या तळाशी कॅरोटिड धमनी जिथे वळणं घेत वर चढते, त्या भागाला त्यांनी सायफन म्हटलं होतं. रेडिऑलॉजीचे विद्यार्थी आजही तोच शब्द वापरतात.