ब्राउनसाहेबांची नळी

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. आमच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबच्या कोपऱ्यात एक 21 इंची मॉनिटर धूळ खात पडला होता. जुना, काचेच्या नळीचा, मागे हे एवढं पोट सुटलेला! डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे भंगार असा शेरा पडायचाच काय तो बाकी होता. इकडे मी प्रोजेक्टचा पीसीबी लेआउट 14 इंची लॅपटॉपवर काढून काढून डोळे फोडून घेत होते. मॉनिटरच्या माहितीत 1600 बाय 1200, 75 हर्ट्झ असं वाचलं आणि मला मोह पडला. लॅबमधल्या मामांना विचारलं. यादी शनिवारी ऑफिसला जाणार आहे, त्याआधी चालू करून दाखवलास तर सरांच्या कानावर घालतो, असं ते म्हणाले.

माझ्या लॅपटॉपला एचडीएमआय आणि टाइप-सी, मॉनिटरला 15 पिनांचं व्हीजीए. एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ते अशी एक साधी स्वस्तातली केबल बाजारातून आणली. लावली. पडदा काळा ठिक्कर! मॉनिटर गेला, असं सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात ओरल होती. एक्स्टर्नल सरांनी टेबलावरच्या जुन्या सीआरओकडे बोट दाखवून विचारलं की, याच्या आतली नळी पहिल्यांदा कुणी बनवली? तीन वर्षं त्याच सीआरओवर साइन वेव्ह पाहून जर्नल पूर्ण केलेली मी एडिसनचं नाव ठोकून दिलं. सर नुसते हसले. ते हसणं मार्कांपेक्षा जास्त लागलं, म्हणून संध्याकाळी मेसऐवजी लायब्ररी गाठली.

त्या माणसाचं नाव कार्ल फर्डिनांड ब्राउन. जन्म 6 जून 1850, जर्मनीतल्या फुल्डा गावचा. घर साध्या सरकारी नोकराचं. मारबुर्ग आणि बर्लिनला शिकून 1872 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पण डॉक्टरेटने पोट भरत नाही, हे तेव्हाही खरंच होतं. 1874 मध्ये ते लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत मास्तर झाले. मुलांसाठी गणित आणि विज्ञानाचं एक पुस्तकही त्यांनी लिहिलं.

शाळा सांभाळून त्यांचे प्रयोग चालूच होते. गॅलेनासारख्या धातूंच्या सल्फाइडच्या स्फटिकांना बारीक तार टेकवून ते वीज सोडून बघत. त्यात एक विचित्र गोष्ट दिसली. एका दिशेने वीज सहज जायची, उलट दिशेने तेवढी जायची नाही. म्हणजे ओहमचा नियम इथे चालतच नव्हता! हे 1874 सालचं. सेकंड इयरला आपण डायोडचा जो ग्राफ काढतो, त्याचा मूळपुरुष हाच. तेव्हा मात्र या शोधाचं करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी असाच गॅलेनाचा स्फटिक रेडिओ लहरी पकडायला वापरला. त्याचं अमेरिकन पेटंट त्यांना 1904 मध्ये मिळालं. मधे तब्बल तीस वर्षं गेली!

ब्राउन यांच्या नोकऱ्यांची गावं सारखी बदलत राहिली. मारबुर्ग, स्ट्रासबुर्ग, मग 1883 मध्ये कार्ल्सरूह. 1885 मध्ये ते ट्युबिंगेनला गेले आणि कार्ल्सरूहला त्यांच्या जागी आले हाइनरिश हर्ट्झ. होय, तेच! रेडिओ लहरींचे प्रसिद्ध प्रयोग हर्ट्झनी तिथेच केले. 1895 मध्ये ब्राउन स्ट्रासबुर्गला परत आले, ते भौतिकशास्त्र संस्थेचे संचालक म्हणून.

आता मुख्य गोष्ट. त्या काळात एसी करंट नवा होता. सेकंदाला 50 वेळा तो मागेपुढे होतो, पण होतो कसा, त्याचा आकार कसा असतो, हे डोळ्यांनी बघायचं कसं? मीटरच्या काट्याला वजन असतं. एवढ्या वेगाने नाचायला तो कुठून जमणार? म्हणजे वजनच नसल्यासारखा काटा हवा. ब्राउन यांनी कॅथोड किरणांचा काटा केला. हवा काढलेली काचेची नळी, आत एका बारीक भोकातून जाणारा किरणांचा झोत आणि समोर चमकणारा लेप दिलेला अभ्रकाचा पडदा. नळीबाहेर एक कॉइल. कॉइलमधून करंट गेला की चुंबकीय क्षेत्र बदलायचं, झोत वाकायचा आणि पडद्यावरचा ठिपका वरखाली नाचायचा. तो आडवा पसरवून बघायला त्यांनी फिरता आरसा वापरला. पुढे त्यांचे सहायक योनाथन झेनेक यांनी झोतालाच आडवं सरकवायची सोय केली. सीआरओवर टाइम पर डिव्हिजनचा नॉब फिरवतो ना आपण, त्याची सुरुवात ती.

या नळीवरचा ब्राउन यांचा लेख फेब्रुवारी 1897 मध्ये छापून आला. कॅथोड किरण म्हणजे इलेक्ट्रॉनसारखे कण आहेत, हे जे. जे. थॉमसन यांनी जाहीर केलं त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. म्हणजे आपला काटा नक्की कशाचा बनलाय हे समजण्याआधीच या माणसाने त्याला कामाला लावलं होतं! आणि या नळीचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. ज्याला हवी त्याने बनवावी. 1906 मध्ये त्यांच्याच संस्थेतल्या माक्स डीकमान यांनी तिच्यावर साध्या आकृत्या उमटवून दाखवल्या. मग टीव्ही आला, रडार आलं, कॉम्प्युटरचा मॉनिटर आला. जर्मनीत आणि जपानमध्ये या नळीला आजही ब्राउन यांचंच नाव आहे.

वायरलेसचा मामला मात्र वेगळा. मार्कोनींच्या सुरुवातीच्या यंत्रात ठिणगी थेट अँटेनाच्या सर्किटमध्ये पडायची. त्यामुळे पॉवर वाया जायची आणि अंतर वाढेना. ब्राउन यांनी ठिणगी वेगळ्या बंद सर्किटमध्ये नेली आणि ते सर्किट कॉइलच्या जोडीने अँटेनाला जोडलं. ट्यून्ड सर्किट आणि कपलिंग, दोन्ही आपल्या सिलॅबसमध्ये आहेत. 1900 मध्ये त्यांच्या पद्धतीने कुक्सहाफेनहून हेलिगोलांड बेटापर्यंत, सुमारे 60 किलोमीटर समुद्रावरून संदेश गेला. 1909 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि मार्कोनींना मिळून दिलं गेलं. पण इथे पेटंटं होती, कंपन्या होत्या, त्यामुळे भांडणंही होती.

शेवट वाचताना मला खरंच वाईट वाटलं. 1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. न्यूयॉर्कजवळच्या सेव्हिल इथे जर्मन कंपनीचं वायरलेस स्टेशन होतं. त्याच्यावर मार्कोनी कंपनीने पेटंटचा दावा लावला होता. त्यात साक्ष द्यायला 64 वर्षांचे ब्राउन, तब्येत बरी नसतानाही, झेनेक यांच्यासोबत अटलांटिक ओलांडून गेले. खटला लांबत गेला. युद्धामुळे परतीची वाट बंद झाली आणि एप्रिल 1917 मध्ये अमेरिकाच जर्मनीविरुद्ध उतरली. ब्रुकलिनमध्ये मुलाकडे राहत असताना 20 एप्रिल 1918 रोजी ते गेले, युद्ध संपायच्या काही महिने आधी. त्यांची रक्षा फुल्डाला पोचली ती 1921 मध्ये.

ज्याचं पेटंट घेतलं त्यापायी परमुलखात मरण आलं, आणि जे वाटून टाकलं ते घरोघरी पोचलं. अर्थात पेटंट वाईट असं मला म्हणायचं नाही. पेटंटशिवाय वायरलेसच्या कंपन्या उभ्या राहिल्या नसत्या. पण आमच्या लॅबच्या कोपऱ्यात धूळ खात कोण पडलंय, हे त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

आणि केबल का चालली नाही तेही कळलं! ब्राउन यांची नळी फक्त करंट आणि व्होल्टेज ओळखते. व्हीजीएच्या तारांमधून लाल, हिरवा, निळा असे तीन सिग्नल 0 ते 0.7 व्होल्टमध्ये येतात, सोबत आडव्या-उभ्या सिंकचे पल्स. एचडीएमआयमधून येतात ते नुसते आकडे. मधे आकड्यांचं व्होल्टेज करणारा डीएसी हवाच. माझ्या केबलमध्ये तांब्याशिवाय काही नव्हतं.

गुरुवारी मैत्रिणीकडून डीएसीवाला एचडीएमआय अडॅप्टर आणला. डीगॉसचा ठण्ण आवाज आला आणि पडदा उजळला. पण तो अडॅप्टर 1920 बाय 1080, 60 हर्ट्झपर्यंतचाच, म्हणजे पिक्सेल क्लॉक 148.5 मेगाहर्ट्झ. पडदा लुकलुकत होता आणि 4:3 च्या काचेवर चित्र चेपलेलं. 1600 बाय 1200 ला 75 हर्ट्झवर 202.5 मेगाहर्ट्झ लागतात. मग शुक्रवारी टाइप-सीमधून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल घेऊन व्हीजीए देणारा, तेवढी क्षमता असलेला अडॅप्टर मिळवला. (सगळ्याच टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही, आधी तपासा.) सेटिंगमध्ये 75 हर्ट्झ निवडलं आणि माझ्या पीसीबीची बारीकातली बारीक ट्रॅक स्वच्छ दिसायला लागली!

शनिवारी मामांनी सरांना बोलावून आणलं. सरांनी चित्र बघितलं आणि यादीतली ती ओळ काट मारून खोडली. मॉनिटर आता प्रोजेक्ट रूममध्ये आहे.

मित्रमैत्रिणींनो, बघायला जरूर या. फक्त त्याचं मागचं झाकण उघडू नका. आतल्या नळीवर हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते काही काळ राहतात. आणि पुढच्या ओरलला कुणी सीआरओकडे बोट दाखवलं, तर निदान तुम्ही तरी एडिसनचं नाव घेऊ नका!