सुगरणीचे कोडे

विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी जुन्नर-आंबेगावकडील मुलांच्या परिचयाची आहेत. त्या घरट्यांचे कोडे सलीम अली ह्यांनी उलगडले.

त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. आईबाप लवकर वारले, मामांनी वाढविले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीने त्यांस पक्ष्यांचे वेड लावले. जर्मनीत शिकून ते परतले, तो संग्रहालयातील त्यांची जागाच पैशांअभावी रद्द झालेली! १९३० साली ते अलिबागजवळ किहीम येथे जाऊन राहिले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. ती ते तासन्‌तास न्याहाळू लागले.

आपण सुगरण म्हणतो खरे, पण विणकर असतो नर! अर्धे घरटे विणून तो थांबतो. मादी येऊन ते पारखते. पसंत पडले तरच तो नळीसारखी वाट विणून ते पुरे करतो आणि लागलीच दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे आरंभितो. पिलांचा भार मुख्यत्वे मादीवर. ही रीत त्यास कोणी शिकवीत नाही. ती बव्हंशी उपजत, पिढीजात असते. सरावाने फक्त विणीला सफाई येते.

बेकारीतील ह्या निरीक्षणांवरचा लेख १९३१ साली प्रसिद्ध झाला. १९८७ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी पक्ष्यांचा ध्यास सोडला नाही.