पंडिता रमाबाई आणि घर सुटलेल्या मुली

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळ्यांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु आपल्या सीमाभागाशी त्यांचा संबंध होता, हे थोड्यांस माहीत असते. गुलबर्गा शहर निजामाच्या राज्यात असताना, १९१२ साली, रमाबाईंनी तेथे ख्रिस्ती शाळा उभारण्यास साहाय्य केले, आणि त्यांची कन्या मनोरमाबाई यांनी त्या शाळेची जबाबदारी वाहिली. ह्याच गुलबर्ग्यास २०१४ पासून कलबुर्गी म्हणतात. रमाबाईंच्या विद्वत्तेविषयी व बायबलच्या भाषांतराविषयी पुष्कळदा लिहिले जाते. आज आम्ही त्यांच्या चरित्रातील एका निराळ्या धाग्याकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. घर सुटलेल्या तरुण मुलीच्या शरीराची काळजी कोणी घ्यावयाची, हा तो धागा होय.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस व मुलींस संस्कृत शिकविले. कुटुंब तीर्थयात्रा करीत फिरत असे. पुढे दुष्काळात आईवडील व थोरली बहीण काही काळाच्या अंतराने वारली. विशीच्या आतली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास मैलोन्‌मैल पायी चालत राहिली; कित्येक दिवस अन्न नाही, रात्री निवारा नाही. १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथे त्यांच्या विद्वत्तेचा गौरव होऊन पंडिता व सरस्वती ह्या पदव्या मिळाल्या. पण बेघर मुलीची भूक, आजार आणि भीती ह्यांची ओळख त्यांना त्याआधीच झाली होती. ही ओळख पुढे त्यांना फार उपयोगी पडली.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी झालेल्या विवाहानंतर दोन वर्षांच्या आत पती बिपिनबिहारी मेधावी हेही निवर्तले. लहानग्या मनोरमेस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. स्त्रियांस स्त्री डॉक्टर हव्यात, कारण लाजेमुळे बाई आपले दुखणे पुरुष डॉक्टरास सांगत नाही आणि उपचाराविना जीव गमावते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. १८८५ साली स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी लेडी डफरिन फंड स्थापन झाला. त्यास ह्या साक्षीचा हातभार लागला असे मानले जाते. दवाखाना असून भागत नाही, तेथपर्यंत जाण्याची वाट लाजेने अडविलेली असते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या. तेथे अन्नाच्या आशेने आलेल्या पोरक्या मुलींभोवती त्यांना विकत घेऊ पाहणारी माणसे घिरट्या घालीत होती. रमाबाईंनी अशा शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर ठेवले. तेथेच मुक्तिसदन वाढले.

आलेल्या मुली धडधाकट नव्हत्या. अंगावर जखमा, पोटात आजार, मनात धास्ती. प्रथम अन्न, आंघोळ, औषध, झोप, मग पाटीपुस्तक. फसविल्या गेलेल्या आणि ज्यांना कोणी दारात उभे करीत नसे अशा स्त्रियांकरिता कृपासदन उभे राहिले. ह्या नावातच रमाबाईंचा विचार दिसतो. आपली पात्रता सिद्ध केल्यावर जी मिळते ती कृपा नव्हे.

रुग्णालयाचे दार उघडे असून चालत नाही, आत मुलगी सुरक्षितही असावी लागते, हेही त्यांनी उघडपणे सांगितले. १८९७ साली पुण्याच्या प्लेग रुग्णालयात तरुण स्त्रियांची जी दशा होत होती तिच्याविषयी त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिले. गव्हर्नरांनी आरोप नाकारले, परंतु रमाबाई गप्प बसल्या नाहीत.

संततिनियमनाचा विषय तेव्हा चारचौघांत बोलण्याचा नव्हता. तो पुढच्या पिढीने हाती घेतला, आणि त्यातही शारदासदनाचा एक धागा आहे. सदनात शिकलेल्या गोदूबाईंचा १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्यांचे सावत्र पुत्र रघुनाथराव यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. ह्या कार्यापायी १९२५ साली त्यांना मिशनच्या विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. ख्रिस्ती वाचकांनी ही गोष्ट विसरू नये. त्याआधीच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला होता.

आज आपल्या भागातली परिस्थिती काय आहे? बिदर, भालकी, आळंद, चिंचोळी येथून कुटुंबे कामासाठी पुण्यामुंबईकडे जातात. मारहाणीस किंवा नको असलेल्या लग्नास कंटाळून मुलेमुली घर सोडतात आणि वाडी जंक्शनसारख्या स्थानकावर उतरतात. त्यांच्यासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. सरकारी दवाखान्यात गर्भनिरोधक साधने विनामूल्य मिळतात. अत्याचारग्रस्त मुलीवर विनामूल्य उपचार करणे सरकारी व खासगी रुग्णालयांस बंधनकारक आहे. नाव पोलिसांत जाईल ह्या भीतीने अल्पवयीन मुली गर्भपातासाठी भोंदू माणसाकडे जातात. म्हणून २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, मुलीची व तिच्या पालकाची विनंती असल्यास डॉक्टरने पोलिसांस कळविताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही. पण ज्या मुलीजवळ पालकच नाही, तिचे काय? येथेच मंडळीतील जाणत्या बाईची सोबत लागते.

संततिनियमनाची माहिती दिल्याने तरुण बिघडतील, अशी शंका काही वडील मंडळींस वाटते. ती शंका प्रामाणिक आहे. तथापि जी मुलगी फलाटावर झोपते, तिच्या बाबतीत मोह कोणाचा आणि बळजबरी कोणाची ह्याचा विचार आधी व्हावा. अज्ञानाने तिचे रक्षण होत नाही, उलट फसविणाऱ्याचे काम सोपे होते. पवित्रतेची शिकवण आपण जरूर द्यावी. पण शोमरोन्याने वाटेवर पडलेल्या माणसाची चौकशी न करता त्याच्या जखमा बांधल्या, हेही आपल्याच शास्त्रात आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी रमाबाईंची गोष्ट सांगताना मोठ्या मुलामुलींस १०९८ हा क्रमांक, जवळचे सरकारी आरोग्यकेंद्र आणि विश्वासाने बोलता येईल अशा एका बाईचे नाव अवश्य सांगावे. आणि कोणी मुलगी दाराशी आलीच, तर तू कोणाची व काय केलेस हे प्रश्न मागे ठेवून, काय दुखते आहे एवढे आधी विचारावे. केडगावच्या माळावर रमाबाईंनी कामाचा हाच क्रम ठेवला होता.