कापरेकर सर, ६१७४ आणि कन्सोलमध्ये हरवणारं शून्य

आळेफाट्याच्या चौकात चार रस्ते मिळतात: पुणे, नाशिक, कल्याण आणि नगर. यातल्या तीन दिशांना दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं आयुष्य गेलं. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्यात, नोकरी नाशिकजवळ देवळालीला. पायथॉन शिकणारा त्यांच्या ६१७४ चा प्रोग्राम कधी ना कधी लिहितोच, आणि तो हमखास एका ठिकाणी गंडतो. ते कसं सुधारायचं हे बघूच, पण आधी सर कोण होते ते बघू.

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ ला बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून देवळालीत शाळामास्तर. १९६२ ला रिटायर होईपर्यंत हेच काम. पुढची कुठलीही डिग्री नाही. म्हणून अनेक गणितज्ञांनी त्यांचं काम पोरखेळ म्हणून बाजूला सारलं. सर मात्र लिहीत राहिले, छोट्या पुस्तिका स्वतःच छापत राहिले. एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी डोंबिवली स्टेशनवरून डेम्लो हे नाव दिलं, तर स्वयंभू संख्यांना देवळालीचं.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ मांडला. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच. सरांचं जन्मसाल घ्या: ९५१० वजा ०१५९, म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. बरोबर सात!

आता हेच व्हीएस कोडच्या कन्सोलमध्ये, किंवा मोबाईलवर पायड्रॉइडमध्ये करा. पहिल्याच पायरीला ०१५९ टाइप केलं की लाल एरर. पायथॉनला आकड्याच्या आधी शून्य चालत नाही. जुन्या पायथॉनमध्ये असं शून्य म्हणजे अष्टमान संख्या असायची, तो गोंधळ नको म्हणून ही बंदी. मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर ६१७४ सुद्धा एरर देईल. गंमत म्हणजे तोच आकडा अवतरणचिन्हांत घालून इंट फंक्शनला दिला, तर पायथॉन तो नीट वाचतो.

हे तरी बरं, एरर दिसते. खरा घोळ न दिसणारा असतो. १११२ घ्या. २१११ वजा १११२ म्हणजे सरांच्या कागदावर ०९९९, पण कन्सोलमध्ये नुसतं ९९९. पुढच्या पायरीला ९९९ वजा ९९९, उत्तर शून्य. एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि वाटतं कापरेकरच चुकले! उपाय सोपा: प्रत्येक उत्तर आधी एसटीआरने अक्षरांत बदला, त्यावर झेडफिल लावून चार अंक पुरे करा, मगच क्रम लावा.

दुरुस्ती करूनही शून्यच येतंय? मग फाइल बदललीत, पण कन्सोलच्या मेमरीत जुनंच फंक्शन बसलंय. नुसतं सेव्ह करून भागत नाही. पूर्ण फंक्शन सिलेक्ट करून शिफ्ट-एंटर दाबा, किंवा कन्सोल बंद करून नवा उघडा.

सरांकडे यातलं काहीच नव्हतं, सगळी आकडेमोड हातानेच. १९६६ ला पत्नी गेली. पेन्शनमध्ये भागेना, म्हणून उतारवयात शिकवण्या घ्याव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि जगभर नाव झालं. तेव्हा सर सत्तर वर्षांचे होते. फार उशीर झाला, असं मला तरी वाटतं.

१९८६ साली ते गेले. प्रोग्राम सुधारला का हे बघायला तेच साल टाका, सहाव्या पायरीला ६१७४ यायला हवा. आणि १११२ ला पाचव्या.