रोझेलची मावशी

शहागंजच्या घड्याळाखाली उभं राहिलं की अमेरिका आजही लांब वाटते. आनंदीबाई जोशी 1883 साली बोटीनं तिथं गेल्या, तेव्हा फक्त अठरा वर्षांच्या होत्या!

त्यांचा जन्म 1865 साली कल्याणला झाला. लग्न नवव्या वर्षी. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं आणि त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं.

फिलाडेल्फियाच्या मेडिकल कॉलेजातले पहिले दोन नाताळ गोपाळरावांशिवाय गेले. ते 1885 साली आले. पण न्यू जर्सीत रोझेलला कार्पेंटरबाईंचं घर होतं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. घर ख्रिस्ती, पाहुणी लुगड्यातली, शाकाहारी, स्वतःचा धर्म न सोडणारी. तरी माया आटली नाही.

11 मार्च 1886 ला त्या एम.डी. झाल्या. पण 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात क्षयानं गेल्या. मावशींनी त्यांची रक्षा आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली.

मित्रांनो, व्हिसा मिळेल, ॲडमिशनही मिळेल. असं एक घर मात्र जोडावं लागतं. आणि नाताळ, ईद, दिवाळीला आपल्या हॉस्टेलवर कुणी एकटं राहिलं असेल, तर त्याला घरी घेऊन जा!